जुन्या फियाटच्या दारांचे पॅड

प्रश्न : माझ्याकडे 1969 सालची फियाट 1100 डिलाइट आहे. दारांचे आतले पॅड फुगले असून काच वरखाली करण्याची दोन हँडले नाहीत. दुकानदार पद्मिनीचे सामान देतो. ते चालेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातील डिलाइट आणि पुढे 1970च्या दशकात पद्मिनी या नावाने विकली गेलेली गाडी मूलतः एकच असल्याने सामान बसू शकते, परंतु बसणे वेगळे आणि मूळचे असणे वेगळे. मधल्या वर्षांत आतील सजावटीत बदल होत गेले, त्यामुळे केवळ ‘फियाटचे’ एवढ्यावर विसंबू नये. हँडल घेताना जुने सोबत न्यावे आणि ते ज्या दांड्यावर बसते, त्याचे दाते जुळतात का, हे हाताने फिरवून पाहावे.

पॅड मात्र नवे करून घेणेच बरे. फुगलेला हार्डबोर्ड टाकू नका. क्लिपांची भोके नेमकी कोठे होती, हे त्यावरूनच कळते. रेक्झिनचा मूळ रंग उघड्या भागावरून ठरवू नये, कारण तो उन्हाने विटलेला असतो. हँडलखालच्या चकतीआड किंवा कडेला मागे दुमडलेल्या पट्टीवर तो शाबूत सापडतो. इटलीहून सामान मागवण्याचा मोह होतो, पण तेथील गाडीचे सुकाणू डावीकडे असल्याने डॅशबोर्ड तरी आपल्या उपयोगाचा नाही.