नुसत्या पुस्तकावरून क्रोशे शिकता येईल का?

येईल. मी रत्नागिरीत एका पावसाळ्यात घरात बसून असंच शिकले. पुस्तक इंग्रजी असेल तर ते ब्रिटिश की अमेरिकन हे आधी बघा. अमेरिकन पुस्तकातला ‘सिंगल क्रोशे’ म्हणजे ब्रिटिश पुस्तकातला ‘डबल क्रोशे’, आपल्याकडे ज्या टाक्याला मुका खांब म्हणतात तो. हे कळेपर्यंत माझा रुमाल दोनदा उसवून झाला होता!

सुरुवातीला नुसती साखळी, म्हणजे एकातून एक काढलेल्या फासांची ओळ, घाला, जरा सैल हाताने. बारीक दोरा नको. जाडसर, फिक्या रंगाचा सुती धागा आणि ४ मिमीची सुई घ्या. ढगाळ उजेडात गडद रंगाचे टाके दिसतच नाहीत. सुई अ‍ॅल्युमिनियमची बरी, इथल्या खाऱ्या हवेत लोखंडी गंजते. आणि प्रत्येक ओळीला टाके मोजा. कडेचा खांब हमखास सुटतो, मग चौकोनाचा त्रिकोण होतो.