बाबांनंतरची पहिली दिवाळी

बाबा गेल्यानंतरची तुझी ही पहिलीच दिवाळी. लोक म्हणतील, "वर्ष झालं नाही अजून, सण करू नका." आणि तेच पुढे म्हणतील, "पोरांसाठी तरी करा काहीतरी." दोन्ही ऐकून घे, ठरव मात्र आईशी बोलून. आकाशकंदील लावायचा की नाही, हे वसुबारसेच्या आधीच ठरलेलं बरं; ऐन दिवशी घरात वाद नकोत.

फराळाच्या भानगडीत पडू नकोस. शेजारपाजारचे, नातेवाईक डबे आणून देतातच, आणि ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. डब्याच्या निमित्ताने माणूस दारात येतो. चकलीला हात लावला नाहीस तरी चालेल, पण चहा टाक आणि त्याला बसवून घे.

खरा जड दिवस लक्ष्मीपूजनाचा नाही, पाडव्याचा. आजूबाजूच्या घरांत औक्षणाची तबकं तयार होतात आणि आई ओट्याशी उगाचच घासलेली भांडी पुन्हा घासत राहते. त्या संध्याकाळी तिला एकटं सोडू नकोस. बाबांचा विषय टाळूही नकोस. त्यांना करंजी कशी खुसखुशीतच लागायची, वगैरे बोलू दे तिला. रडली तर रडू दे. भाऊबीजेला आत्याकडे जाऊन ये. तिचाही भाऊ गेलाय, हे सगळे विसरतात.

शुभेच्छांच्या मेसेजना उत्तर द्यायलाच हवं असं नाही. ग्रुप खुशाल म्यूट कर.

आणि झोपच उडाली, जेवण जाईना, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर 'टेली-मानस'च्या १४४१६ वर फोन लाव. मानसिक आधारासाठीची सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.