अकराच्या आत बंदरात

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोकणात गळ घेऊन जायचे बेत नाशिकमध्ये घरोघरी शिजायला लागतात. हंगाम संपत आलेला असतो, आणि नेमके तेव्हाच प्रश्न जास्त येतात. त्यातले हे पाच.

दरवर्षी डिसेंबरात मालवणला जातो. यंदा रजा मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिळते आहे. सुरमई लागेल, की पेट्रोल वाया? (सिडको)

जा, पण बोटीला पूर्ण दिवसाचे पैसे देऊ नका. मे महिन्यात समुद्रावरचा दिवस अर्धाच असतो. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, ते इथे उपयोगी पडतात. पहाटे जमीन गार असते, वारा जमिनीकडून येतो, पाणी तेलासारखं. दहा-अकरापर्यंत जमीन तापली की वारा फिरतो, त्यात वायव्येचा जोर मिसळतो आणि बारापर्यंत जिकडे पाहाल तिकडे पांढरा फेस. साडेपाचला बंदर सोडा, खडकांच्या कडेने पाच-सहा नॉटच्या (ताशी दहाएक किलोमीटर) वेगाने खोल जाणारं लूर, म्हणजे नकली आमिष, ओढा, अकराच्या आत परत या. सुरमईचे दात कात्रीसारखे, तेव्हा गळाआधी वायरचा आखूड तुकडा (लीडर) हवाच. आणि धरणावरच्या रोहूच्या सवयीने ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, आवळून ठेवू नका. दोरीच्या ताकदीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर ठेवा. पहिल्या धावेत तिला पळू द्यायचं असतं.

हवामानाच्या ॲपवर लाट दीड मीटर होती म्हणून तांडेलने (बोट चालवणाऱ्याने) नेलं नाही. दोन दिवसांनी तेवढ्याच लाटेत तोच दुसऱ्यांना घेऊन गेला. आम्हाला टाळलं का? (इंदिरानगर)

टाळलं नसावं. तुम्ही आकडा अर्धाच वाचलात. उंचीच्या शेजारी सेकंद दिलेले असतात, म्हणजे एक लाट गेल्यावर दुसरी यायला लागणारा वेळ. दीड मीटर आणि सहा सेकंद ही वाऱ्याने उठवलेली आखूड, उभी लाट. बोट आपटत राहते आणि कंबर पुढचे चार दिवस आठवण देते. दीड मीटर आणि पंधरा सेकंद ही पार दक्षिणेकडच्या हिंदी महासागरातून आलेली लांब लाट. भर समुद्रात ती आली-गेलेलीही कळत नाही.

पण ही लांब, गरीब दिसणारी लाटच खाडीच्या तोंडाशी दगा देते. पाणी उथळ झालं की ती उंचावते आणि फुटते. त्यात ओहोटीचं पाणी समोरून बाहेर येत असेल तर आणखी उभी होते. काही वर्षांपूर्वी आम्ही दशमीला गेलो होतो. मासा लागत होता, ‘अजून एक फेरी’ असा हट्ट माझाच. बाराला खाडीच्या तोंडाशी आलो तर वाट पांढरीफेक. तांडेलमामा काही बोलले नाहीत, बोट वळवून बाहेर नेली आणि भरती लागून तोंड निवेपर्यंत, म्हणजे तीन वाजेपर्यंत, आम्हाला उन्हात डुलवत ठेवलं.

दशमी का म्हणालो? कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. दक्षिण कोकणात हा हिशोब बरा जुळतो, मुंबई-पालघरकडे भरती आणखी उशिरा येते. आता बघा, दशमीला बारा वाजता पाणी बाहेरच चाललेलं असणार. नवखे लोक ओढ कमी म्हणून भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे, दिवस निवडतात. मी मे महिन्यातल्या सकाळच्या फेरीला उधाणाचे, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येजवळचे, निवडतो. निघताना पाणी कमी असतं, ते छोट्या बोटीला निभतं, आणि परतताना भरती आपल्याला आत घेते. मात्र हवामान खात्याचा इशारा किंवा बंदरावर धोक्याचा बावटा असेल तर हा सगळा हिशोब खिशात ठेवायचा.

समुद्रातल्या आंग्रिया बँकेवर मार्लिन (भाल्यासारख्या चोचीचा मोठा मासा) मिळतो असं ऐकलं. एका दिवसात होईल? (नाशिक रोड)

नाही. कान्होजी आंग्र्यांचं नाव लागलेलं ते बुडालेलं पठार विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभराहून जास्त किलोमीटरवर आहे. आपल्याकडे समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, रुंद, त्यामुळे मार्लिनचं खोल निळं पाणी किनाऱ्यापासून फार लांब पडतं. तेवढीच हौस असेल तर पैसे साठवून अंदमानला जा.

आम्ही पकडलेला कुपा (ट्यूना) रात्रभर गाडीतून आणला. वास नव्हता, नीट शिजवला होता, तरी जेवल्यावर दोघांचे चेहरे लाल झाले, अंगाला खाज सुटली. कुप्याची ॲलर्जी समजायची का? (पंचवटी)

डॉक्टरांना दाखवाच. पण बऱ्याचदा ती माशाची ॲलर्जी नसते. कुपा, बांगडा, सुरमई हे मासे गरम राहिले की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. ते शिजवून, तळून जात नाही आणि वासावरूनही कळत नाही. म्हणजे चूक घाटात नाही, बोटीवरच झालेली असते. मासा वर येताच कल्ल्याशी चीर देऊन रक्त काढा, आतडी काढा, आणि माशाच्या वजनाएवढा फोडलेला बर्फ पोटात आणि भोवती भरा. खाली साचलेलं पाणी वाटेत काढून नवा बर्फ घाला. मे महिन्यात डिकीत नुसती पिशवी ठेवून आणलेला कुपा मी तरी मांजरालाही घालणार नाही.

1 जूनपासून मासेमारीची बंदी यांत्रिक बोटींना आहे. मग वल्ह्याच्या होडीतून जायला काय हरकत? (मेरी)

कायद्याने पारंपरिक बिगरयांत्रिक होड्यांना 31 जुलैपर्यंतच्या बंदीतून सूट आहे, हे खरं. ती त्या पाण्यावर पोट असलेल्यांसाठी आहे, तुमच्या-माझ्या हौसेसाठी नाही. तौक्ते चक्रीवादळ आलं मे 2021च्या मध्यात, निसर्ग 3 जून 2020 रोजी. मीही मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर बेत करत नाही. रील गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, ड्रॅग सैल करून कपाटात टाका. नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळलं की काढू.