ट्रेल कॅमेरा (जंगलात झाडाला बांधलेला, प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) काळं अस्वल का चावतं आणि ते कसं टाळायचं? (उत्तर अमेरिका)

मुख्यतः वासामुळे. प्लॅस्टिक, रबर आणि तुमच्या हातावरचं सनस्क्रीन किंवा डासांचं मलम त्याला ओढून आणतं. मग ते नाक लेन्सला टेकवून हुंगतं, चाटतं आणि दातांनी चाचपतं. सुळ्याने कवचाला भोक पडलं की पावसाचं पाणी आत शिरून सर्किट जातं, खरं नुकसान तिथेच. हातमोजे घालून कॅमेरा पुसा आणि पोलादी पेटीत घालून खोडाला पक्का आवळा. नुसत्या पट्ट्यावर भरवसा ठेवू नका: एका फटक्यात कॅमेरा फिरतो आणि पुढे महिनाभर आभाळाचेच फोटो येतात. २.५ ते ३ मीटर उंचीवर, तोंड खाली झुकवून लावला तर त्रास कमी होतो. पण काळं अस्वल झाडावर सहज चढतं, त्यामुळे उंचीवर लावूनही पेटी हवीच.