पुराव्याच्या तोंडी घालू नये ते

प्रिय मुला,

रविवारी उपासना सुटल्यावर तू बायबलातील मार्काच्या शुभवर्तमानाचा 16 वा अध्याय उघडून विचारलेस, "काका, शेवटची 12 वचने सर्वांत जुन्या प्रतींत नाहीतच, मग बाकीचे देवाने प्रेरित केलेले कशावरून?" मंडळी निघायच्या घाईत होती, म्हणून मी विषय टाळला. ते मला तेव्हापासून लागून राहिले आहे.

सिनाई आणि व्हॅटिकन ही चौथ्या शतकातील दोन मोठी हस्तलिखिते मार्काचे शुभवर्तमान आठव्या वचनापाशीच संपवतात, हे खरे आहे आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. पुरावा जेवढे सांगतो तेवढेच त्याच्या तोंडी घालावे, हे मला फार उशिरा आणि फार महागात कळले.

अनेक वर्षांपूर्वी तरुण संघाच्या शिबिरात मी छातीठोकपणे सांगितले होते की, मृत समुद्राकाठी सापडलेली, जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाची गुंडाळी आजच्या मजकुराशी अक्षरन्अक्षर जुळते. एका मुलाने ते वसतिगृहात जाऊन तसेच सांगितले, तेव्हा मित्रांनी त्याला फरकांची यादी दाखवली. तो माझ्याकडे आला, तर मी उत्तर देण्याऐवजी संशय हे पाप कसे आहे ते त्याला ऐकवले. तो पुन्हा मंडळीत आला नाही. त्याला शास्त्राने फसवले नव्हते. मी फसवले होते.

त्या गुंडाळीत खरोखर काय आहे ते पाहा. 1947 मध्ये कुमरानजवळच्या गुहेत ती मिळाली. सात मीटरहून लांब चामड्यावर 54 रकान्यांत यशयाचे 66 अध्याय आहेत. ती ख्रिस्तजन्माच्या शंभराहून अधिक वर्षे आधीची आहे, आणि इब्री जुन्या कराराची सर्वांत जुनी संपूर्ण प्रत 1008 सालची. मधल्या हजारएक वर्षांत शुद्धलेखनाचे फरक पुष्कळ पडले, काही शब्दांचेही पडले, तरी ग्रंथ तोच राहिला. चाळिसाव्या अध्यायात "गवत सुकते, फूल कोमेजते" हे शब्द दोनदा येतात; तिथे नकलनविसाची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर घसरली आणि मधला मजकूर गळाला. पुढे दुसऱ्या कोणीतरी तो ओळींच्या मधल्या जागेत आणि समासात उतरत्या ओळीने भरला, आणि देवाचे चार अक्षरी नाव आदरापोटी न लिहिता त्या जागी चार ठिपके दिले. देवाचे वचन सर्वकाळ टिकते, असे सांगणाऱ्या वचनालगतच ही चूक आणि ही दुरुस्ती आहे. मला त्या ठिपक्यांत जितकी भक्ती दिसते तितकी माझ्या शिबिरातल्या भाषणात नव्हती.

पण ह्यातून मजकूर जपला गेला एवढेच सिद्ध होते. तो देवाने दिला हे सिद्ध होत नाही. किती वेळा सांगू? जतन वेगळे, प्रेरणा वेगळी! त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःखी सेवकाचे वर्णन येशूच्या आधी लिहिलेले होते, हे ती गुंडाळी दाखवते. तो सेवक कोण, हे ती सांगत नाही. यहुदी वाचक अनेकदा तिथे इस्राएल राष्ट्र पाहतात. नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायातला कूशी (इथिओपियाचा) षंढ रथात बसून तोच उतारा वाचतो आणि संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो, असेच विचारतो. सुवार्तिक फिलिप्प त्याला दटावत नाही, त्याच्याजवळ बसून तिथूनच येशूची सुवार्ता सांगतो. मी मात्र त्या मुलाला दटावले.

माझा विश्वास डळमळला, अशी कुजबुज मंडळीत आहे. ती खोटी आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील परमेश्वरप्रेरित हा शब्द मी अक्षरशः मानतो. पण त्यासाठी देवाला लेखकांचे हात बांधावे लागले असे मी मानत नाही, कारण शुभवर्तमान लिहिणारा लूक आरंभीच सांगतो की, त्याने सर्व गोष्टींचा मुळापासून शोध केला. शोध घेणाऱ्या माणसाला देव वापरतो, तर तुझ्या शोधाला मी का घाबरावे? पंडिता रमाबाईंनी केडगावात इब्री आणि ग्रीकचा अभ्यास करून आयुष्याच्या अखेरपर्यंत शास्त्राचे मराठी भाषांतर केले. मुळात काय लिहिले आहे ते पाहण्याची त्यांना भीती वाटली नाही.

तुझ्या संडे स्कूलच्या मुलांनी त्या 12 वचनांविषयी विचारले, तर माझ्यासारखे टाळू नकोस. शनिवारी संध्याकाळी घरी ये. मार्काचा शेवट आपण दोघे नीट वाचू, आणि तुला जे पटणार नाही ते मला तोंडावर सांग.

तुझा,
काका