मांजर कुंडीतली पानं खातंय? आधी झाड कोणतं ते बघा

एखादं पान चावलं म्हणून लगेच घाबरू नका. मांजरं हिरवं खातातच, आणि खाऊन ओकतातही. पण प्रत्येक फळझाडाचा हिशोब वेगळा असतो.

स्ट्रॉबेरी आणि केळीची पानं विषारी नाहीत. लिंबू, संत्रं, मोसंबी यांची पानं मात्र लांब ठेवा. त्यांतल्या तेलांनी आणि सोरालेन नावाच्या द्रव्यांनी उलट्या-जुलाब होतात, मांजर मलूल पडतं. वासामुळे बहुतेक मांजरं लिंबाकडे फिरकत नाहीत, पण पिल्लांचा काय भरवसा! अंजिराच्या चिकाने तोंडाची आग होते, लाळ गळते. पीच, चेरी, जर्दाळू यांच्या पानांतून पोटात सायनाइड तयार होऊ शकतं. ही पानं कोमेजलेली असतील तर धोका जास्त, म्हणून छाटणी केलेल्या फांद्या गच्चीत पडू देऊ नका.

बरेचजण विसरतात ती गोष्ट म्हणजे फवारणी. निरुपद्रवी झाडावरही कीटकनाशक मारलेलं असेल तर पान विषारीच समजा. नर्सरीतून नवीन आणलेलं रोप काही दिवस मांजराच्या आवाक्याबाहेर असू द्या.

आणि घरात लिली असेल तर फळझाडांची चिंता नंतर करा. तिच्या नुसत्या परागांनीही मांजराची किडनी निकामी होऊ शकते.

चघळायला कुंडीत गहू पेरून द्या, आठवडाभरात गवत तयार होतं. सतत लाळ, थरथर किंवा धाप दिसली तर मिठाचं पाणी पाजून ओकवू नका. खाल्लेल्या झाडाची फांदी सोबत घेऊन थेट डॉक्टरांकडे जा.