छतावरील सौर संच : मुदत ठेव मोडावी का?

सप्रेम नमस्कार. नाशिकच्या आपल्या घराचे वीजबिल महिन्याला सरासरी २८० युनिट आणि २,८०० रुपयांच्या आसपास येते, छतावर ३ किलोवॉटचा सौर संच बसवण्यासाठी १,९५,००० रुपयांचे दरपत्रक मिळाले आहे, आणि त्यासाठी ४ लाखांच्या एकमेव मुदत ठेवीला हात लावावा का, असे आपण विचारले आहे. यजमानांना बिल कमी व्हायला हवे आहे आणि आपल्याला पर्यावरणाची काळजी आहे, हेही आपण मोकळेपणाने लिहिले आहे.

माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे बिलापासून किंवा शेजारच्या छतापासून सुरुवात करतात. पर्यावरणाचा विचार मनात असतो, पण आकड्यांचा आधार मिळेपर्यंत तो बोलून दाखवला जात नाही. आपल्या घरी मात्र दोन्ही हेतू एकाच उत्तराकडे नेतात, असे मला हिशेब मांडताना दिसले.

आधी वापर कमी करावा. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो, तर बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा सुमारे ३० वॉट. रोज बारा तास चालणारे चार पंखे बदलल्यास उन्हाळ्यात महिन्याला साठाहून अधिक युनिट वाचतात आणि खर्च साधारण १२,००० रुपये येतो. त्यानंतर आपल्याला २ किलोवॉटचा संच पुरेल, कारण एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. मोठा संच घेऊन जादा वीज महावितरणला देण्यात फारसा लाभ नाही. वर्षाअखेर शिल्लक युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो.

२ किलोवॉटचा संच १,४०,००० रुपयांपर्यंत मिळाला, तर केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचे ६०,००० रुपये अनुदान वजा जाऊन ८०,००० रुपये उरतात. ३ किलोवॉटला अनुदान ७८,००० असले तरी आपल्या खिशातून १,१७,००० जातात. अनुदान संच सुरू झाल्यावरच खात्यात येते, म्हणून सुरुवातीला पूर्ण रक्कम भरावी लागेल. घरखर्च महिना ४०,००० धरला, तर अडीअडचणीसाठी सहा महिन्यांची तरतूद २,४०,००० होते. लहान संच आणि पंखे घेऊनही, अनुदान येण्यापूर्वीच, ठेवीत २,४८,००० राहतात. मोठ्या संचानंतर अनुदान येईपर्यंत २,०५,०००च राहतील, आणि तेवढ्यावर विसंबू नये, असे मला मनापासून वाटते.

ठेवीवरचे व्याज बुडेल, ही यजमानांची शंका रास्त आहे. परंतु ८०,००० रुपयांवर सात टक्क्यांनी वर्षाला ५,६०० रुपयेच मिळतात आणि त्यावर करही लागू शकतो, तर बिलातली बचत त्याच्या कितीतरी पट असेल. बिलातला स्थिर आकार (वापर कितीही असला तरी लागणारी रक्कम) मात्र भरावाच लागेल, आणि पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर पॅनेलपेक्षा लवकर बदलावा लागतो, त्यासाठी दरमहा २०० रुपये बाजूला टाकावेत.

सही करण्यापूर्वी डिसेंबरातल्या दुपारी छतावर सावली कुठवर येते, ते स्वतः पाहून घ्यावे.